तोंडचं पाणी कोण पळवतं?

ऐकता ऐकता एक काम करा. जीभ टाळूवरून फिरवा, मग गालाच्या आतून. ओलं, गुळगुळीत लागलं ना? आता घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांनाही हेच करायला सांगा आणि काय वाटलं ते विचारा. आमच्या मेहकर तालुक्यात याचं उत्तर हमखास असं येतं : "तोंडाले कोरड पडते रे बापा, वय झालं आता." आणि लगेच पुढचं वाक्य : "वय झालं म्हणजे दात जातीनच."

आजचा भाग या दोन वाक्यांबद्दल आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. बीटेक केलं, आता पुण्यातल्या कंपनीसाठी गावात बसून कोड लिहितो. पण गेलं वर्षभर मी आजीच्या तोंडामागे लागलोय. वाचलं, दंतवैद्यांचं डोकं खाल्लं, आणि चक्क सिरिंज घेऊन लाळ मोजलीसुद्धा. त्यातून एक गोष्ट मला पक्की पटलीय. वय लाळेतलं थोडंफार घेऊन जातं, पण तोंडचं पाणी खऱ्या अर्थाने पळवणारे बहुतेक वेळा औषधाच्या डब्यात बसलेले असतात. आणि तो डबा घरात भरतो कोण? तुम्ही-आम्हीच. म्हणून हा भाग आजी-आजोबांसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहे.

आधी लाळ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे लाळ हा शब्द एक तर बाळासाठी किंवा अपमानासाठी. पण हे भारी रसायन आहे. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होतं. त्यातलं ९९ टक्के पाणी. खरी गंमत उरलेल्या १ टक्क्यात आहे : कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट, जंतूंना रोखणारी प्रथिनं, आणि म्यूसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं, ज्यांच्यामुळे भाकरीचा घास घशाखाली सरकतो.

बायकार्बोनेट समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. शाळेची सहल गेली असेल तर आठवा, सरोवराचं पाणी हाताला साबणासारखं लागतं. त्या पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेटचे क्षार भरलेत, म्हणून त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. पीएच म्हणजे आम्लता मोजायची पट्टी : ७ म्हणजे मधोमध, खाली गेलं की आंबट, वर गेलं की खारट-सोड्यासारखं. पूर्वी या तळ्यातून खार काढायचे. तर लोणारच्या पाण्यात ज्या जातीचा क्षार आहे, त्याच जातीचा क्षार अगदी बारीक प्रमाणात तुमच्या लाळेत आहे. त्याचं काम एकच, आम्ल आलं की त्याला मारायचं.

आम्ल येतं कुठून? चहा प्यायलो, बिस्कीट खाल्लं, की दातांवरच्या थरातले जंतू ती साखर खातात आणि आम्ल सोडतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकन संशोधकाने लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातावरचा पीएच मोजला. काही मिनिटांतच तो धाडकन खाली आला आणि वर यायला अर्धा ते एक तास लागला. त्या आलेखाला आजही स्टीफन कर्व्ह म्हणतात. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा सर्व्हरच्या मॉनिटरिंगचा ग्राफच वाटला. लोड आला, धपकन पडला, हळूहळू सावरला. सावरायचं काम करते लाळ.

आता दोन आकडे लक्षात ठेवा. दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. पण दाताचं मूळ, जे हिरडीखाली झाकलेलं असतं, ते मऊ. ते ६.२ ते ६.७ च्या आसपासच विरघळायला लागतं. पीएचची पट्टी सरळ नसते. एक आकडा खाली म्हणजे आम्ल दहापट. म्हणजे इनॅमलला बोचकारायला जेवढं आम्ल लागतं, त्याच्या दहाव्या हिश्शात मूळ खचतं. तरुणपणी याने काही बिघडत नाही, कारण मूळ झाकलेलं असतं. वय वाढलं, हिरड्या खाली सरकल्या, मूळ उघडं पडलं, की तोच बिनसाखरेचा नव्हे, साखरेचा चहा, तेच बिस्कीट, पण नुकसान वेगळं. आजीचे दात वरून पांढरे-पिवळे, धडधाकट दिसायचे आणि हिरडीलगत मात्र करवतीने कापावं तसे तपकिरी खड्डे. त्यातला एक दात भाकरी चावताना मुळाशी मोडला. किडलेला आहे हे कोणाला कळलंच नव्हतं.

मग वयाने लाळेचं नेमकं काय होतं? इथे मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण उत्तर सरळ नाही.

लाळेच्या तीन मोठ्या जोड्या आहेत : कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची. गप्प बसलेलो असताना तोंड ओलं ठेवणारी बहुतेक लाळ जबड्याखालच्या ग्रंथीतून येते. चावायला लागलो की कानापुढची ग्रंथी जोरात सुरू होते. म्हातारपणी या ग्रंथी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तर लाळ बनवणाऱ्या पेशी बऱ्याच कमी झालेल्या आणि त्यांच्या जागी चरबी आणि तंतू भरलेले दिसतात. म्हणून पूर्वी सरळ मानायचे की वय वाढलं की लाळ आटणारच. पण १९८१ मध्ये ब्रूस बॉम यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या लोकांची लाळ मोजली. निरोगी माणसांमध्ये, आंबट चव देऊन कानापुढच्या ग्रंथीतून काढलेली लाळ वयानुसार घटलेली दिसलीच नाही!

पेशी कमी, तरी उत्पादन तेवढंच, हे कसं? तर ग्रंथीत सुरुवातीपासूनच गरजेपेक्षा जास्त पेशी असतात. दहा सर्व्हर लावलेत, काम सहांवर भागतंय. चार बंद पडले तरी वेबसाईट चालू, कोणाला पत्ता नाही. फक्त आता हाताशी जास्तीचा एकही नाही. त्यानंतरच्या अभ्यासांतून चित्र असं झालंय की कानापुढची ग्रंथी तग धरते, पण जबड्याखालची आणि एकूणच गप्प बसल्यावेळची लाळ वयानुसार थोडी घटते. म्यूसिनही कमी होतं, म्हणून तोंड नुसतं कोरडं नाही, चिकट-खरखरीतही लागतं. पण एवढ्याने दात जात नाहीत. दात जातात ते या बिनराखीव सिस्टीमवर वरून आणखी लोड पडला की.

तो लोड म्हणजे गोळ्या.

ग्रंथीला 'सोड लाळ' हा निरोप मज्जातंतूंमधून येतो आणि तो पोहोचवतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. भीती वाटली की मेंदू हा निरोप दाबतो. आपले पूर्वज 'तोंडचं पाणी पळालं' म्हणायचे ते शब्दशः खरं आहे बरं का. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, नैराश्यावरच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या काही जुन्या गोळ्या, वारंवार लघवी होते त्यावरच्या काही गोळ्या, या सगळ्या नेमका हाच निरोप अडवतात. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवीवाटे पाणी काढणारं औषध जोडलेलं असतं. नावापुढे एच अक्षर दिसलं तर बहुतेकदा तेच. शुगर वाढलेली असेल तर शरीरातलं पाणी तसंही जातं. त्यावर आमच्याकडचा मे महिना.

आजीचं वय ७४. मी तिचा डबा उपडा केला. बीपीची गोळी, एच वाली. ती चिखलीच्या डॉक्टरांची. पायाची आग होते म्हणून झोपताना एक, ती संभाजीनगरला दाखवलं होतं तिथली. आणि सर्दीची एक छोटी गोळी, जी कधीतरी सोयाबीन काढताना धुळीने शिंका आल्या म्हणून सुरू झाली आणि मग मेडिकलवाल्याकडून येतच राहिली. तीन गावं, तीन चिठ्ठ्या, आणि तिन्ही एकत्र कोणीच बघितलेल्या नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर तिघांनी आपापला कोड तपासून लाईव्ह केला, एकत्र टेस्ट कोणीच केलं नाही. प्रत्येक गोळी आपल्या जागी बरोबरच होती.

मग आम्ही मोजलं. पद्धत सोपी आहे, डॉक्टरही अशीच करतात. तासभर काही खायचं-प्यायचं नाही. मान पुढे झुकवून बसायचं, गिळायचं नाही, जमेल ती लाळ वाटीत सोडायची. दहा मिनिटांनी सिरिंजमध्ये ओढून वाचायची. आजी म्हणाली, "एवढं शिकून इंजिनीअर झाला, न् आता थुका मोजाले लागला का रे?" माझी भरली ४ मिली. तिची भरली ०.७. मिनिटाला ०.१ मिली किंवा त्याहून कमी आली तर लाळ खरोखर कमी आहे असं धरतात. ती त्या रेषेच्या खाली होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नेहमीची लाळ साधारण निम्म्यावर आली की मग कुठे माणसाला कोरड जाणवते. म्हणजे म्हातारं माणूस 'कोरड पडते' म्हणतं तेव्हा ते कुरकुरत नसतं, अर्धी टाकी आधीच रिकामी झालेली असते.

आणि आता या साखळीतला सगळ्यात वाईट दुवा. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून आजीने भाकरी सोडली. मग काय? चहात बुडवलेलं बिस्कीट. सकाळी चार, दुपारी चार, सहा वाजता परत. मऊ, गोड, चिकट, आणि चावायची गरजच नाही. चावणं थांबलं की कानापुढची ती धडधाकट ग्रंथीसुद्धा बसून राहते. चावताना येणाऱ्या लाळेत बायकार्बोनेट गप्प बसल्यावेळच्या लाळेपेक्षा कित्येक पट असतं, आणि तेच बंद. त्यात परत परत साखर, म्हणजे स्टीफनचा आलेख परत परत खाली. घरच्यांना वाटतं, चला, निदान बिस्कीट तरी खाते. आमच्या आईलाही तसंच वाटायचं, आणि त्यात तिचं काही चूक नव्हतं. उपाशी माणसाला घास जावा हेच आधी सुचतं.

मिसरीचंही बोललं पाहिजे, कारण आमच्याकडच्या कितीतरी आज्या अजून सकाळी मिसरी लावतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दातांची काळजी होत नाही, हिरड्या आणखी खाली सरकतात, मूळ आणखी उघडं पडतं, कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. आमच्या आजीची मिसरी अजून सुटलेली नाही. दिवसातून तीनदाची एकदा झालीय. पुढे बघू.

थोडं घाटाखाली उतरू. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आहे हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला खारपाणपट्टा आहे, जिथलं भूजल खारट आहे. तिथल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. माझ्या मावशीचे सासरे डायलिसिसवर आहेत. त्यांचंही तोंड कोरडं, पण रसायन उलटं! किडनी युरिया बाहेर टाकत नाही म्हणून तो लाळेत उतरतो. तोंडातले काही जंतू त्याचा अमोनिया करतात, आणि पीएच खाली जायच्या ऐवजी वर जातो. त्यामुळे अशा रुग्णांचे दात पुष्कळदा कमी किडतात, पण दातांवर दगडासारखा टार्टर भराभर साठतो, आणि तोंडाला एक विशिष्ट वास येतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'कोरड पडली' हे लक्षण एकच, पण आत चाललेलं वेगवेगळं असू शकतं. आणि त्यांना 'घोट घोट पाणी प्या' हा सल्ला चालत नाही, त्यांचं पाणी मोजून असतं. बर्फाचा छोटा खडा चघळतात, तोही दिवसाच्या हिशोबात धरून.

बरं, आम्ही पुढे काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी, एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद केली नाही. हे मोठ्याने सांगतो, कारण हा भाग ऐकून कोणी आजोबांची बीपीची गोळी लपवून ठेवायला नको. आम्ही सगळ्या पाकिटांचे मागून-पुढून फोटो काढले, कोणती कधीपासून आणि किती वाजता ते एका कागदावर लिहिलं, आणि एकाच डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी सर्दीची रोजची गोळी थांबवली, रात्रीची बदलून दुसरी दिली, बीपीची तशीच ठेवली, कारण ती लागत होती. दोन महिन्यांनी परत वाटी आणि सिरिंज. दहा मिनिटांत १.३ मिली. तरुण माणसाच्या जवळपासही नाही, पण रेषेच्या वर. आणि आजी ठेच्यासोबत अर्धी भाकरी खायला लागली, दुधात कुस्करून का होईना, पण चावून.

दातांच्या डॉक्टरांनी मुळाशी पडलेले तीन खड्डे ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटने भरले. त्यातून हळूहळू फ्लोराईड सुटत राहतं आणि आजूबाजूच्या भागाला आधार मिळतो. फ्लोराईड म्हटलं की विदर्भातले लोक दचकतात, आणि बरोबरच आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराईडने मुलांचे दात डागाळलेले आपण बघितलेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. पण ते रोज पोटात जाणारं पाणी झालं. टूथपेस्टमधलं फ्लोराईड दाताला लावून थुंकायचं असतं. आपल्याकडच्या फ्लोराईडवाल्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम असतं. ट्यूबवर वाचून घ्या, कारण लाल मंजनात आणि पुष्कळशा आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं. रात्री झोपताना घासायचं, थुंकायचं आणि चुळा भरत बसायचं नाही. रात्रीच का? झोपेत लाळ जवळजवळ बंद असते. तरुणांचीही. त्यामुळे रात्री साखरेचं दूध पिऊन झोपणं हे कोरड्या तोंडासाठी फारच वाईट.

पाण्याचे घोट चांगलेच, पण पाणी म्हणजे लाळ नव्हे. ते धुतं, दुरुस्त करत नाही. खाण्याचा सोडा, पाव चमचा पेलाभर पाण्यात, त्याने चूळ भरून थुंकायची, हे आमच्या दंतवैद्यांनी सांगितलं. गिळायची नाही, त्यात सोडियम आहे आणि आजीला बीपी. म्हणजे लोणारचं तत्त्व पेल्यात! लिंबू किंवा आवळासुपारी चघळून लाळ येते खरी, पण मुळं उघडी असताना त्यावर थेट आम्ल चोळल्यासारखं होतं. त्यापेक्षा साधी बडीशेप, साखरेचं कवच नसलेली. सुपारी अजिबात नको.

शेवटी कवळीचं, कारण हा प्रश्न घरोघरी येतो. दोन दात मोडल्यावर आमच्याकडे एका नातेवाइकांनी सांगितलं, कशाला एकेक दुरुस्त करता, सगळे काढा आणि कवळी बसवा, एकदाच्या खर्चात मोकळे. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण पूर्ण कवळी हिरडीवर चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. दोन काचा पाणी लावून एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तसं. कोरड्या तोंडात तो थर नसतो. कवळी हलते, घासते, जखमा होतात, त्यावर बुरशी धरते, आणि मग ती कवळी कपाटातल्या डब्यात जाते. खालची तर जास्तच, कारण तिला टेकायला टाळूसारखी जागा नसते.

आजीचे खालचे पुढचे सहा दात अजून घट्ट आहेत. दंतवैद्यांचं म्हणणं, ते सहा टिकले तर पुढे खाली अर्धी कवळी त्यांना अडकवून बसवता येईल, लाळेच्या भरवशावर राहावं लागणार नाही. म्हणून आता दर तीन महिन्यांनी त्या सहांच्या मुळांना फ्लोराईडचा लेप लावायला जातो. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.